विंडोज १० वरून ११ वर जाण्यापूर्वी करायची तयारी

विंडोज १० ला मिळणारी सुरक्षेची नियमित मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्या सुमारास आमच्या घरच्या डेस्कटॉपवर हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नसल्याचा संदेश आला आणि घरात लगेच नव्या खरेदीची चर्चा सुरू झाली. प्रत्यक्षात संगणक पात्र होता, फक्त बायोसमधील, म्हणजे संगणक सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीतील, दोन सेटिंग्ज बंद होत्या.

म्हणून दुकानात जाण्याआधी मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अॅप चालवावे आणि संगणक नेमका कशात अडतो ते पाहावे. प्रोसेसरच जुना असेल, म्हणजे ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीच्या किंवा रायझन २००० मालिकेच्या आधीचा, तर इलाज नाही. अट चुकवून बसवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात, पण कामाच्या संगणकावर त्या वापरू नयेत. ४ जीबी रॅम कागदोपत्री पुरते; माझ्या मते ८ जीबीपेक्षा कमी असेल तर आधी रॅम वाढवावी.

मात्र अडचण ‘टीपीएम २.०’ (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) किंवा ‘सिक्युअर बूट’ (सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) यांची असेल, तर ती बहुधा घरीच सुटते. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जावे. तिथे टीपीएम हे इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. सिक्युअर बूटसाठी संगणक जुन्या ‘लेगसी’ऐवजी नव्या ‘यूईएफआय’ पद्धतीने सुरू व्हावा लागतो, आणि इथे मी उतावळेपणा केला. डिस्कची विभागणी जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीची आहे हे न पाहताच मी सेटिंग बदलले, आणि पडद्यावर सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नसल्याचा संदेश आला. सेटिंग पूर्ववत केल्यावर सगळे परत आले, पण तेवढ्या दहा मिनिटांत वीस वर्षांचे फोटो डोळ्यांसमोरून गेले. योग्य क्रम असा, की ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमधून विभागणीचा प्रकार पाहावा, तो एमबीआर असल्यास विंडोजमधल्याच ‘एमबीआर टू जीपीटी’ या साधनाने आधी तपासणी आणि मग ‘जीपीटी’ या नव्या पद्धतीत रूपांतर करावे, आणि त्यानंतरच बायोसला हात लावावा.

या सगळ्याच्याही आधी फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे विंडोजच्या ‘बिटलॉकर’ सोयीने कुलूपबंद केलेला असेल, तर बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवावी, कारण बायोसमधील बदलानंतर संगणक ती मागू शकतो. मराठी टंकलेखन करणाऱ्यांनी युनिकोडपूर्व फॉन्टच्या फायली आणि जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरची सेटअप फाइल वेगळी जपावी. तो फॉन्ट हरवला की दिवाळी अंकासाठी लिहिलेला लेख निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग होऊन बसतो.

प्रत्यक्ष अपग्रेड त्यामानाने सोपे आहे. ते सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमध्ये दिसते. न दिसल्यास मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’ वापरावा. संगणक मध्ये अनेकदा बंद होऊन सुरू होतो, तेव्हा त्याला हात लावू नये, आणि वीज जाण्याची शक्यता असेल तर इन्व्हर्टरशिवाय हे काम काढू नये.

पुढचे १० दिवस सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’तून विंडोज १० वर परत जाता येते. जुनी प्रणाली तोवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये असते, त्यामुळे जागा मोकळी करण्याच्या नादात ते पुसू नये. प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचा टोकन याच दिवसांत एकेकदा वापरून पाहावेत. आमचा जुना स्कॅनर नवव्या दिवशी आठवला, आणि तो चालत नव्हता.