एका सर्व्हरला सिस्टॅट पुरलं
रात्री सर्व्हर मध्येच गुदमरायचा आणि लॉगिन करेपर्यंत सगळं शांत. १ जीबी रॅमवर प्रोमिथियस-ग्राफाना ही सतत चालणारी देखरेखीची जोडी चढवणं मला पटेना. पाहणाऱ्यानेच मेमरी का खावी? सिस्टॅट टाकलं, म्हणजे लिनक्सवर सर्व्हरच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या छोट्या साधनांचा संच. ते ठरावीक वेळाने नोंद करतं आणि बाजूला होतं. दर १० मिनिटांच्या नोंदीत झटका निसटतो, म्हणून अंतर २ मिनिटांवर आणलं.

सकाळी सार (sar, या नोंदी दाखवणारी सिस्टॅटची कमांड) पाहिलं: लोड (चालू आणि खोळंबलेल्या कामांची सरासरी) चढलेला, सीपीयूला मात्र काम नाही, आयओवेट (डिस्कची वाट पाहत सीपीयूचा रिकामा गेलेला वेळ) फुगलेला. लिनक्स डिस्कसाठी खोळंबलेल्या प्रोसेसही लोडमध्ये धरतं, त्यामुळे नुसता लोड बघून काही कळत नाही. पुढच्या रात्री पिडस्टॅट (प्रत्येक प्रोसेसचा वापर वेगळा दाखवणारं सिस्टॅटमधलंच साधन) चालू ठेवलं, तेव्हा सापडलं: बॅकअप आणि डेटाबेसची सफाई एकाच वेळी. वेळा वेगळ्या केल्या, गुदमरणं थांबलं.