फाईल डिस्कवर लिहिताय? या चुका टाळा

राईटने (फाईलमधे लिहायच्या कमांडने) एरर दिला नाही म्हणजे डेटा डिस्कवर गेला, हे ज्याच्या डोक्यात बसलंय त्याने ते आधी काढून टाका. लिनक्सवर तो डेटा पहिल्यांदा रॅममधल्या पेज कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात जातो, डिफॉल्ट सेटिंगला ३० सेकंद तिथेच लोळत पडू शकतो, आणि तेवढ्यात लाईट गेली की गेला.

मस्जिद बंदरला एका होलसेलवाल्याकडे हेच झालं. बिलिंगचं सॉफ्टवेअर दर बिलाला स्टॉकची फाईल रिकामी करून पहिल्यापासून लिहायचं. भर जुलैत लाईट गेली, यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली, मशीन चालू केलं तर फाईल शून्य बाईट! जुना स्टॉक पण नाही, नवा पण नाही. शेठ विचारतोय व्हायरस आला काय, आणि कोड लिहिणारा पोरगा म्हणतो माझ्या लॅपटॉपवर तर चालतं. अरे चालणारच, त्याला बॅटरी आहे ना. शेवटी गोडाऊनमधे माणसं गोण्या मोजत बसली.

मी कायम असंच करतो: त्याच फोल्डरमधे टेम्प फाईल, तिच्यात लिहायचं, एफसिंक (रॅममधला डेटा आत्ताच डिस्कवर उतरव असा हुकूम), मग जुन्या नावावर रिनेम, मग फोल्डरला पण एफसिंक. ही शेवटची स्टेप सगळे खातात. टेम्प फाईल दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलीत तर रिनेम होणारच नाही.

एवढं वाचून काही उत्साही मंडळी दर ओळीला एफसिंक मारतात आणि मग सॉफ्टवेअर स्लो आहे म्हणून रडतात. प्रत्येक पॅसेंजरला वेगळी लोकल सोडताय का? ७२०० आरपीएमची (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांची) हार्डडिस्क सेकंदाला १२० वेळाच फिरते, दर एफसिंकला फेरीची वाट बघायची तर ती करणार काय? नोंदी गोळा करा, एकदम एफसिंक करा. बिल एकही जाता कामा नये, लॉगच्या चार ओळी गेल्या तर कोण विचारतंय.

एफसिंकने एरर दिला तर परत मारून ओके आलं म्हणून खूश होऊ नका, ते ओके खोटं असू शकतं. पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना हे २०१८ मधे कळलं, आता तिथे सर्व्हर सरळ पॅनिक होतो, म्हणजे मुद्दाम बंद पडतो.

मॅकवर साधा एफसिंक ड्राईव्हचा स्वतःचा कॅशे रिकामा करत नाही, तिथला एफ_फुलएफसिंक हा पर्याय वापरा.

एसक्यूलाईट या छोट्या डेटाबेसचं सिंक्रोनस (एफसिंक कधी करायचं ते ठरवणारं सेटिंग) ऑफ करून स्पीड मिळवणाऱ्यांना माझा नमस्कार. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाईलमधे लिहिणारा) आणि सिंक्रोनस नॉर्मल ठेवा, लाईट गेली तर शेवटचे काही व्यवहार जातील पण डेटाबेस शाबूत राहील; बिलांसारखं एकही जाऊन चालणार नसेल तर फुल ठेवा.

आणि किल मायनस नाईन (प्रोग्राम जबरदस्तीने बंद करायची कमांड) मारून टेस्ट केली असं सांगू नका. प्रोसेस मेली तरी पेज कॅशे जिवंतच असतो, त्यात काहीच सिद्ध होत नाही. एखादा जुना डबा घ्या आणि राईट चालू असताना प्लग खेचा.