विमानं आणि जहाजं ट्रॅक करताय? मग या चुका टाळा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, ती बसली की निम्म्या चुका होतच नाहीत. विमान आपली जागा, उंची, वेग स्वतःच १०९० मेगाहर्ट्झवर सतत सांगत असतं, याला एडीएस-बी म्हणतात, आणि खाली कोणाच्या तरी गच्चीवरचा छोटा रिसीव्हर ते ऐकून इंटरनेटवर टाकतो म्हणून आपल्याला मोबाईलवर पिवळं विमान सरकताना दिसतं. ऐकणारा कोणी नसेल तर विमान दिसत नाही, पण ते आकाशात असतंच.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण १२ जून २०२५ चं. अहमदाबादला एअर इंडिया १७१ पडलं त्या दुपारी ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरायला लागला, त्यात विमान रनवेच्या मधूनच आत शिरून उडाल्यासारखं दिसत होतं आणि लगेच लोकांनी ठरवून टाकलं की पायलटनी अर्ध्याच रनवेवरून टेकऑफ केला. नंतर फ्लाइटरडार२४ या ट्रॅकिंग साइटनेच जास्तीचा डेटा तपासून सांगितलं की विमान आधी रनवेच्या टोकापर्यंत मागे गेलं होतं आणि पूर्ण लांबी वापरून उडालं. सुरुवातीच्या डेटात तो तुकडाच नव्हता. २६० माणसं गेली त्या अपघातात, आणि गेलेल्या पायलटवर लगेच आरोप झाला तो एका तुटक रेषेवरून. तुटक रेष दिसली की आधी विचारा, इथे रिसीव्हर आहे का? विमान जमिनीवर असताना तर सिग्नल बिल्डिंगी, हँगर, झाडं यात अडकतोच.

त्याच अपघातात दुसरी चूक उंचीची झाली. शेवटचा आकडा ६२५ फूट आला होता आणि सगळे ती जमिनीपासूनची उंची समजले. नकाशावरची उंची ही हवेच्या दाबावरून काढलेली असते, १०१३.२५ हेक्टोपास्कल हा ठरलेला दाब धरून, आणि अहमदाबादचा विमानतळच समुद्रसपाटीपासून साधारण २०० फुटांवर आहे. दाब त्या दिवशी कमी असेल तर आणखी फरक पडतो. हे तुम्हाला घरबसल्या पडताळता येतं, जुलैत मुंबईचा दाब १००३-१००४ च्या आसपास असतो तेव्हा उतरणारी विमानं बघा, आकडा खऱ्या उंचीपेक्षा अडीचशे-तीनशे फूट जास्त दिसतो. जानेवारीत हा फरक जवळपास नसतो.

वेळेचा घोळ तर रोजचा. बऱ्याच साइटवर वेळ यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री ११ ला उडालेलं विमान साइटवर १७:३० ला दिसतं, आणि पहाटे ३ चं तर आदल्या तारखेला जाऊन बसतं, जुनं काही शोधताना तारीख आधी बदलून बघा.

विमानतळांचे कोड पण नीट बघत चला. गोव्यात दाबोळी म्हणजे जीओआय आणि मोपा म्हणजे जीओएक्स, आणि आता डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा एनएमआय सुरू झालाय, त्यामुळे "मुंबईची फ्लाइट" एवढ्यावर भागत नाही. पाहुण्यांना आणायला जाताना चुकीचा विमानतळ बघून निघालात तर सायन-पनवेल हायवेवर दीड-दोन तास आरामात जातात. तिकिटावरचा नंबर आणि नकाशावरचा कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) पण एक नसतो. इंडिगोचं तिकीट ६ई ने सुरू होतं, कॉलसाइन आयजीओ ने, आणि पुढचे आकडे-अक्षरं कधीकधी पूर्ण वेगळी असतात कारण सारखे वाटणारे नंबर रेडिओवर ऐकताना गोंधळ होतो. फ्लाइट सापडत नसेल तर नंबर सोडा, मार्ग आणि वेळ टाकून शोधा.

स्क्वॉक, म्हणजे विमान पाठवत असलेला चार आकडी कोड, ७७०० दिसला की स्क्रीनशॉट काढून "मोठा अपघात होणार" असं टाकायची घाई करू नका. ७७०० म्हणजे इमर्जन्सी जाहीर केलीय, पण ती प्रवाशाच्या छातीत दुखण्यासाठी पण असते. ७६०० म्हणजे रेडिओ बंद पडलाय. ७५०० अपहरणाचा कोड आहे, तो तर अजिबात कुठे टाकू नका, आत बसलेल्यांचे घरचे पण तोच नकाशा बघत असतात.

विमान एकदम उडी मारून दुसरीकडे गेलं, तर ती बहुतेक जीपीएसची गडबड आहे. २०२४ मध्ये पूर्व भूमध्य समुद्रावरची कितीतरी विमानं आणि जहाजं बैरूतच्या विमानतळावर उभी दिसत होती, कारण खोटा जीपीएस सिग्नल सोडून त्यांची जागाच फसवली जात होती. विमानाला जी चुकीची जागा कळली तीच ते पुढे सांगतं. एकाच भागातली पाच-दहा विमानं एकदम वेडीवाकडी झाली की समजायचं.

आणि सैन्याच्या विमानांबद्दल कळकळीने सांगतो. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, दाबोळी नौदलाचा. चुकून काही दिसलं तर बघा आणि गप्प बसा, ग्रुपवर टाकू नका. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने चॅनेलवाल्यांना सुद्धा लष्करी हालचाली लाइव्ह दाखवू नका म्हणून सूचना काढली होती.

आता जहाजं. इथे एआयएस चालतं, म्हणजे जहाज आपली जागा आणि माहिती रेडिओवरून सांगत असतं, फ्रिक्वेन्सी १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ, आणि इथल्या चुका वेगळ्या आहेत कारण यातली बरीच माहिती माणसाने हाताने टाइप केलेली असते. कुठे चाललंय, कधी पोचणार, नांगर टाकलाय का चालू आहे, हे सगळं जहाजावरचा अधिकारी भरतो आणि बंदर सोडल्यावर बदलायचं राहून जातं. म्हणून १४ नॉटने पळणारं जहाज "नांगर टाकलेलं" दिसतं. वेगाचा आकडा खरा माना, स्टेटस नाही. जहाजाचं नाव बदलतं, झेंडा बदलला की ९ आकडी एमएमएसआय (जहाजाच्या रेडिओचा ओळख नंबर) बदलतो, आयएमओचा ७ आकडी नंबर मात्र जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो, म्हणून जहाज लक्षात ठेवायचं तर आयएमओने. गंतव्याच्या जागी आयएनएनएसए दिसलं तर ते आपलं न्हावा शेवा.

कोळ्यांच्या होड्या दिसत नाहीत म्हणून समुद्र रिकामा समजू नका. एआयएसची सक्ती मुळात आंतरराष्ट्रीय फेरीवरच्या ३०० टनेजच्या वरच्या जहाजांना आणि प्रवासी जहाजांना आहे, लहान होडीला नाही.

यातली एक चूक मला फार जवळून माहितीय. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा मर्चंट नेव्हीत, त्याचं जहाज ओमानच्या सलालाह बंदराच्या पुढे तीन दिवस एकाच जागी, काकू रडकुंडीला आलेल्या की चाच्यांनी धरलं. मी त्यांच्याच फोनवर जहाजावर टॅप करून खालची बारीक ओळ दाखवली, शेवटचा सिग्नल ३ दिवसांपूर्वी. म्हणजे जहाज थांबलं नव्हतं, किनाऱ्यावरच्या अँटेनाच्या टप्प्याबाहेर गेलं होतं. खोल समुद्रातलं उपग्रहावरून मिळणारं पोझिशन बहुतेक साइटवर पैसे भरणाऱ्यालाच दिसतं, आणि एडनच्या आखातात काही कॅप्टन सुरक्षेसाठी एआयएस बंद पण ठेवतात. चौथ्या दिवशी संध्याकाळी मुलाचा मेसेज आला. कोकणात घरोघरी कोणीतरी जहाजावर आहे, त्यामुळे एवढं एक तरी घरच्यांना शिकवून ठेवा, आधी शेवटच्या सिग्नलची वेळ बघायची.

आता स्वतःचा रिसीव्हर लावणाऱ्यांसाठी. आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लागणारा छोटा रेडिओ रिसीव्हर), रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि एक अँटेना एवढ्यात काम होतं, पण "विमानंच दिसत नाहीत" म्हणणाऱ्या दहातल्या आठ जणांची चूक अँटेनात असते. डोंगलबरोबर येणारी उघडबंद होणारी दांडी लोक पूर्ण उघडून ठेवतात, जास्त लांब म्हणजे जास्त रेंज समजून. १०९० साठी पाव तरंगलांबी म्हणजे ६.९ सेंटीमीटर लागते, पट्टीने मोजून तेवढीच ठेवा. खाली पत्रा पाहिजे. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्याला बऱ्याचदा अँटेनाच्या तळाचं चुंबक चिकटत नाही, बिस्किटाचा किंवा तेलाचा पत्र्याचा डबा घ्या, त्याला टचकन चिकटतं. हीच दांडी जहाजांना चालत नाही, १६२ मेगाहर्ट्झला साधारण ४६ सेंटीमीटर लागते.

मग जागा. मी ठाण्यात सातव्या मजल्यावर राहतो, पश्चिमेला येऊरचे डोंगर, त्यामुळे त्या बाजूची खाली आलेली विमानं मला कधीच मिळणार नाहीत, कितीही महागडा अँटेना लावला तरी. ३५,००० फुटांवरचं विमान मोकळ्या दिशेने ४०० किलोमीटरवरून येतं, पण जहाज ४०-५० किलोमीटरच्या पुढे अवघड, आणि पुण्यात बसून न्हावा शेवा ऐकायची आशा सोडा, मध्ये सह्याद्री आहे. अपवाद एप्रिल-मेचा, तेव्हा अरबी समुद्रावर हवेचे थर असे बसतात की शेकडो किलोमीटरवरची जहाजं अचानक उगवतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर अरबस्तानचा किनारा दिसल्याची नोंद आहे, त्यामुळे असं काही दिसलं तर रिसीव्हर बिघडला समजून सेटिंग बदलत बसू नका.

गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती मोठा करतो ते, सगळ्यात वर नेऊन ठेवणं ही पण नेहमीची चूक. लांबची येतात पण डोक्यावरून जाणारी गायब होतात, कारण जोरदार सिग्नलने डोंगल बहिरा होतो. शेजारच्या बिल्डिंगवर मोबाईल टॉवर असेल तर आणखीच. गेन दोन-तीन पायऱ्या खाली आणा, एक दिवस थांबा, किती विमानं मिळाली ते बघा, मग पुढची पायरी. एका वेळी एकच गोष्ट बदला नाहीतर कशाने फरक पडला कळत नाही. तरी नाही सुधारलं तर बाकीचे सिग्नल अडवणारा १०९० चा फिल्टर घ्या.

रास्पबेरी पाय सारखा रीस्टार्ट होत असेल तर मोबाईलचा चार्जर काढा आणि त्याचा स्वतःचा ॲडॉप्टर लावा. लाइट जात-येत असेल तर मेमरी कार्ड खराब होतं, दर महिन्याला कॉपी काढून ठेवा. लोकेशन भरताना अक्षांश-रेखांश उलटे टाकू नका, एमलॅट चालत नसेल तर आधी तेच तपासा, कारण त्यात स्वतःची जागा न सांगणाऱ्या विमानाची जागा चार-पाच रिसीव्हरच्या वेळांच्या फरकावरून काढतात आणि तुमचीच जागा चुकली तर सगळं गणित चुकतं.

केबल लांब टाकायची तर पातळ आरजी-५८ नको, १० मीटरमध्ये पाऊणेक सिग्नल तिथेच संपतो. डिश टीव्हीवाल्याकडची आरजी-६ स्वस्त आणि कितीतरी बरी, ७५ ओहमची असली तरी फरक पडत नाही. गच्चीवरच्या कनेक्टरला स्वतःला चिकटणारी रबरी टेप खेचून गुंडाळा आणि केबल घरात घेण्याआधी खाली एक झोळ सोडा म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. जूनमध्ये रेंज चांगली असते आणि ऑगस्टपर्यंत हळूहळू निम्म्यावर येते तेव्हा बहुतेक कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असतं. उघडून बघा, आतली तार हिरवी पडली असेल तर बोटभर मागून कापून नवीन कनेक्टर लावा.