मध्यस्थीच्या तारखेआधी: आठ-अ घेतला का?

नवरा-बायकोच्या घटस्फोट-पोटगीच्या वादात मध्यस्थीला जाताना वकीलपत्र, आधार, लग्नपत्रिका, फोटो हे ज्युनिअर वकिलाला सांगावं लागू नये.

खरी तयारी पैशाच्या कागदांची. पोटगीचा विषय आहे म्हणजे मालमत्ता-दायित्वाचं शपथपत्र आलंच. रजनेश विरुद्ध नेहा या सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालाने ते लागू केलं, आणि शेतकऱ्यासाठी त्यात वेगळा नमुना दिलाय. नोकरदाराचा नमुना भरून शेतकऱ्याची सही घेऊ नका. पगाराचे रकाने ‘निरंक’ होतात आणि वावर कुठंच दिसत नाही. शेतीच्या नमुन्यात क्षेत्र, ओलीत की कोरडवाहू, मागच्या तीन वर्षांची पिकं, बटईचं वावर, गुरंढोरं, सगळं विचारलंय.

आता आठ-अ, म्हणजे जमिनीचा खातेउतारा. मागच्या खेपेला हाच राहिला, म्हणून बजावतो. सातबारा एका गटाचा असतो, तोही आपल्या अशील बाईला माहीत असलेल्या गटाचा. आठ-अ वर त्या गावातली खातेदाराची सगळी जमीन एकत्र दिसते. नवऱ्याचा घ्या, सासऱ्याचाही घ्या. ‘वावर बापाच्या नावावर हाय, माझ्यापाशी काय?’ हे उत्तर ठरलेलंच. जमीन वडिलोपार्जित आहे की सासऱ्याने स्वतः घेतलेली, हे जुन्या फेरफारावरून कळतं, आणि सगळा फरक तिथंच पडतो. आठ-अ गावनिहाय असतो. शेजारच्या शिवारात दोन एकर असतील तर तिथला वेगळा काढा. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. आठवडाभर आधी काढा, आदल्या रात्री साइट चालेलच असं नाही. पीककर्जाला नवऱ्याने सोसायटीत हाच आठ-अ जोडलेला असतो, तुमच्याच फाइलीत तो नसतो!

उत्पन्नाच्या पुराव्याला बाजार समितीची काटापट्टी (मालाच्या वजनाची पावती) आणि पासबुक.

‘कापूस विकल्यावर देईन’ याला तडजोडनाम्यातलं कलम म्हणत नाहीत. रक्कम, तारीख, डीडी की खात्यावर, तिन्ही लिहा. ऑगस्टचा हप्ता लिहाल तर तो बुडणारच, तेव्हा पैसा खत-फवारणीत गेलेला असतो, जानेवारी-फेब्रुवारी धरा. शेवटचा मोठा हप्ता दुसऱ्या अर्जाच्या जबाबाच्या दिवशी कोर्टातच. १३-ब मध्ये, म्हणजे हिंदू विवाह कायद्यातल्या परस्पर संमतीच्या घटस्फोटात, हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे अशिलाला आधीच सांगा.

पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामधली सहा महिन्यांची मुदत माफ हवी तर त्याचा अर्ज वेगळा. वर्षभर वेगळं राहिल्याच्या तारखा दोघांच्या जुळल्या पाहिजेत.

आंदणाची यादी: दागिने ग्रॅममध्ये, भांडी नगावर, कपाट-कूलर कुठं पडलंय ते. लेकरांची भेट: दिवाळी, उन्हाळा, तान्हा पोळा, आणायला-पोचवायला कोण. ४९८-अ ची (सासरच्या छळाची; नव्या कायद्यात कलम ८५) केस चालू असेल तर ती रद्द करून घ्यायला नागपूर खंडपीठाचा खर्च कोणाचा, तेही लिहा.

मध्यस्थासमोरचं बोलणं पुरावा होत नाही. जे ठरलं ते तिथंच लिहून सह्या, पण आधी वाचून दाखवा. आणि एसटीत चढायच्या आधी पिशवी उघडून बघा, आठ-अ आहे का. दोन्ही गावांचा.