स्मॉलमाऊथ लागत नाही? रंग बदलण्याआधी वजन बदला

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातून वाहणाऱ्या सस्क्वेहाना नदीत पहिल्यांदा स्मॉलमाऊथ बास हा मासा गरवायला उतरलेला माणूस दुपारपर्यंत आमिषांचा अख्खा डबा पालथा घालतो. हिरवं झालं, तपकिरी झालं, चकचकीत झालं, मासा काही लागत नाही. मग खापर फुटतं रंगावर. खरं तर बहुतेक वेळा आमिष हलकं असल्याने माशाच्या डोक्यावरून वाहून जातं, नाहीतर जड असल्याने कातळाच्या भेगेत जाऊन रुततं.

वजनाची चूक

तळ्यात शिकलेले लोक एकच वजन वर्षभर वापरतात. नदीत ते चालत नाही, कारण पन्नास पावलांत धारेचा जोर बदलतो. स्मॉलमाऊथचं आवडतं खाणं म्हणजे क्रेफिश, गोड्या पाण्यातला नांग्यांचा, कोळंबीसारखा जीव. ते दगडांमधून तळालगत सरकतं, म्हणून आमिषही तळालगतच जायला हवं. ट्यूब जिग (आत वजनदार गळ बसवलेली मऊ प्लास्टिकची पोकळ नळी) किंवा नेड रिग (छोट्या वजनदार गळावर मऊ प्लास्टिकचा आखूड तुकडा) लावलं असेल, तर धारेच्या वरच्या बाजूला तिरकं फेका आणि धार ज्या वेगाने दोरी ढिली करेल, त्याच वेगाने रीळ फिरवत राहा. जास्त ओढू नका. वाहताना आमिष मधूनमधून दगडाला टिचकी मारत असेल, तर वजन बरोबर आहे. एकसारखं घासत असेल किंवा दर फेकीला अडकत असेल, तर हलकं लावा. टिचकी लागतच नसेल, तर जड लावा. १/१६ पासून १/४ औंसापर्यंतची तीन-चार वजनं खिशात असली की उथळ पाण्यातलं बहुतेक काम भागतं. रंगाला एक हिरवट-तपकिरी आणि गढूळ पाण्यासाठी एक काळा पुरे. दुकानदाराला हे ऐकून आनंद होणार नाही.

धारेच्या खालच्या दिशेला फेकून वर ओढणं ही यातलीच पोटचूक. मासा धारेकडे तोंड करून उभा असतो आणि त्याचं अन्न वरून वाहत येतं. ट्यूबसारखं तळातलं आमिष धारेविरुद्ध ओढलं की ते तळ सोडून वर उचललं जातं.

अडकलंच, तर जागेवरून हिसके देऊ नका, त्याने ते आणखी घट्ट बसतं. ज्या बाजूने ओढताना अडकलं, तिच्या उलट बाजूला जा आणि तिथून हलवा. तोडायचंच झालं, तर ब्रेडची, म्हणजे विणलेल्या धाग्यांची दोरी हाताला कधीही गुंडाळू नका, बोट कापतं. काठीला दोन-चार वेढे देऊन ओढा.

दगडाची एकच बाजू

दगडामागच्या संथ पाण्यात मासा असतो, हे सगळ्यांनाच माहीत असतं, त्यामुळे सगळे तिथेच फेकतात. मोठ्या दगडाच्या पुढेही, जिथे पाणी आपटून मंदावतं, एक छोटी निवांत जागा असते. शिवाय जलद आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं, ती फेसाची रेघ सोडू नका. कडक उन्हाळ्यात पहाटे खळाळत्या पाण्याच्या शेपटाशी फेका. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की हेच मासे खोल, संथ डोहात जमतात. तेव्हा उन्हाळ्याच्या वेगाने आमिष ओढणाऱ्याला रिकाम्या हाताने परतावं लागतं.

जाता जाता एक गंमत: वाहत्या, खडकाळ पाण्याचा हा मासा मूळचा शेजारच्या पोटोमॅक नदीचा नाहीच. १८५४ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत घालून त्याला ओहायोच्या खोऱ्यातून डोंगरापलीकडे पोटोमॅककाठच्या कंबरलंडला आणून सोडलं. सस्क्वेहानातही तो बाहेरूनच आला.

सामान आणि झटका

साडेसहा-सात फुटांचा, मध्यम ताकदीचा, टोकाकडे वाकणारा स्पिनिंग रॉड, २५०० मापाचं रीळ, १० पौंडी ब्रेड आणि पुढे चारेक फूट ८ पौंडी फ्लुओरोकार्बनची पारदर्शक दोरी. एवढ्याने सुरुवात करा. ब्रेड डोळ्यांना दिसेल अशा रंगाची घ्या, कारण ट्यूबवरचा चावा हाताला फारसा कळतच नाही. दोरी आडवी सरकते किंवा मध्येच थांबते, तोच चावा. नेडचा गळ बारीक असतो, त्याला झटका नको, रॉड नुसता उचलून रीळ फिरवा. पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषावर मासा उसळला, तर मात्र हात आवरा. वजन हाताला जाणवेपर्यंत ओढू नका. रिळाचा ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा दोरी किती सहज सुटेल, ते ठरवणारा ब्रेक) पूर्ण आवळून ठेवणं हीही नेहमीची चूक. मासा उडी मारतो आणि ८ पौंडी दोरी तुटते.

घरट्यावरचा नर

वसंतात पाणी साधारण ६० अंशांवर आलं की नर उथळ खडीत घरटं करतो आणि अंडी, पिल्लं राखत बसतो. तो कुठल्याही आमिषावर धावून येतो, म्हणून गळाला लावणं सोपं. पण तो दोन मिनिटं हटला, तरी सनफिश नावाचे छोटे मासे अंडी फस्त करतात. तो दिसला की पुढे चला. २००५ मध्ये सस्क्वेहानात पिल्लं रोगाने मोठ्या प्रमाणावर मेली होती, आणि २०११ पासून मधल्या टप्प्यात बास पकडून लगेच सोडण्याचा नियम आला. तेव्हा कालवणाचा बेत बाजारातल्या माशावरच ठेवा. हंगाम आणि बंदीच्या तारखा राज्याच्या चालू नियमपुस्तिकेत पाहा, आणि १६ वर्षं आणि त्यापुढच्यांनी पेनसिल्व्हेनियात परवाना काढल्याशिवाय गळ टाकू नये.

पाण्यात उतरताना

काठावर जाण्याआधी यूएसजीएस या अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर नदीची पातळी पाहा. पातळी चढती असेल, तर उतरूच नका. मांडीच्या वर पाणी नको. हातात काठी आणि वेडरवर (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीवर) घट्ट पट्टा हवा. नमद्याच्या तळव्याचे बूट दगडावर छान धरतात, पण मेरीलँडने २०११ मध्ये त्यांवर बंदी घातली, कारण त्यांत अडकून डिडिमो हे शेवाळ एका नदीतून दुसरीत जातं. रबरी तळव्याला खिळे लावलेले घ्या. हॅरिसबर्गच्या डॉक स्ट्रीट धरणासारखे बुटके बांध वरून निरुपद्रवी दिसतात, पण खालचं उलटं फिरणारं पाणी पोहणाऱ्यालाही सोडत नाही. बोट, कयाक तिकडे नेऊच नका. आणि पेनसिल्व्हेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल कयाक, कनू किंवा १६ फुटांपेक्षा लहान बोटीत लाइफ जॅकेट नुसतं सोबत ठेवून भागत नाही, ते अंगावर घालणं सक्तीचं आहे.