पावसाळ्यात मुलांना घेऊन सायकलवर निघताना

जून ते सप्टेंबर मुंबईत नुसतं सकाळचं ऊन बघून बेत पक्का करू नका. निघण्याआधी हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज आणि मुंबईच्या रडारचं चित्र बघा. सरी बहुतेकदा समुद्राकडून येतात, तेव्हा पश्चिमेला काय चाललंय ते आधी पाहा.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला जाणार असाल (सोमवारी उद्यान बंद असतं), तर खरी काळजी परतीची. जाताना चढाने मुलं दमलेली असतात आणि पाऊस आला की तोच उतार निसरडा होतो. रिमला घासणारे ब्रेक ओले झाले की दाबल्या दाबल्या पकडत नाहीत. म्हणून उतार लागायच्या आधीच दोन्ही ब्रेक हलके दाबून थोडं अंतर जा. रबर रिमवरचं पाणी पुसून काढतं, मग पकड येते. पुढचा ब्रेक एकटा, एकदम दाबायचा नाही. हे मुलांकडून कोरड्या रस्त्यावर आधीच करून घ्या, भर पावसात ओरडून सांगितलेलं त्यांना ऐकू येत नाही.

शहरात झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि शेवाळलेले पेव्हर ब्लॉक यांवर वळू नका, सरळ जा. साचलेल्या पाण्यात तर सायकल घालूच नका, खाली मॅनहोल उघडं असू शकतं. विजा कडाडायला लागल्या तर झाडाखाली न थांबता पक्की इमारत गाठा.

रेनकोट जाकीट-पँटचाच घ्या. पोंचोचा घोळ चाकात अडकतो. घरी आल्यावर साखळी कोरडी पुसून तेल सोडा.