सेन्सरची चिप रस्टमध्ये खरोखर झोपवायची कशी?

फोनवर तापमान दिसलं की बहुतेक मार्गदर्शक लेख संपतात. बटण सेलवर चालणाऱ्या वायरलेस सेन्सरचं अवघड काम मात्र तिथूनच सुरू होतं. सीआर२०३२ सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. सरासरी १ मिलिअँपिअर ओढलात तर नऊ दिवसांत सेल संपला. १० मायक्रोअँपिअरवर आणलंत तर हिशेबाने अडीच वर्षं. फोनवर मात्र दोन्ही प्रोग्राम अगदी सारखेच दिसतात.

इथे नॉर्डिकची एनआरएफ५२८३२ चिप, बॉशचा बीएमई२८० सेन्सर आणि रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतली एम्बसी ही चौकट (फ्रेमवर्क) धरली आहे. टूलचेन (कोड बांधणारी साधनं), प्रोग्राम चिपवर चढवणारं प्रोब-आरएस आणि चिप संगणकाला जोडणारा डीबग प्रोब तुमच्याकडे आहेत असं समजतो.

१. मेमरी आणि इंटरप्ट

ब्लूटूथसाठी नॉर्डिकचं तयार सॉफ्टवेअर, म्हणजे एस१३२ सॉफ्टडिव्हाइस, वापरत असाल, तर त्याची सातवी आवृत्ती फ्लॅशचे (चिपमधल्या कायम मेमरीचे) पहिले १५२ केबी घेते. मेमरीची आखणी सांगणाऱ्या मेमरी डॉट एक्स फाइलमध्ये तुमचा प्रोग्राम त्यापुढे सुरू करा. इंटरप्टच्या (चालू काम थांबवणाऱ्या इशाऱ्यांच्या) ०, १ आणि ४ या प्रायॉरिटी सॉफ्टडिव्हाइसच्या आहेत, तेव्हा एम्बसीच्या कॉन्फिगमध्ये जीपीआयओटीई (पिनांवरचे बदल टिपणारा भाग) आणि टाइम ड्रायव्हर (वेळ सांभाळणारा भाग) प्रायॉरिटी २ वर ठेवा. यात काही गहन नाही, पण चुकलं तर पुढचं काहीच चालत नाही.

२. सेन्सर वाचा

बीएमई२८० ला फोर्स्ड मोडमध्ये ठेवा. एकदा मोजून तो आपणहून झोपतो आणि झोपेत ०.१ मायक्रोअँपिअर घेतो. नॉर्मल मोडमध्ये तो तुम्ही विचारा न विचारा, मोजतच राहतो.

३. चिप झोपवा

इथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आहे. ‘एसिंक वापरलं की वीज आपोआप वाचते’ हा सल्ला जागोजागी मिळतो (एसिंक म्हणजे वाट पाहताना काम बाजूला ठेवणारा कोड). तो अर्धाच खरा आहे. करायला काही उरलं नाही की एम्बसीचा एक्झिक्युटर (कामं चालवणारा भाग) सीपीयू झोपवतो, हे बरोबर. पण चिपमधले बाकीचे भाग चालू राहिले तर सीपीयूच्या झोपेला काडीचा अर्थ नाही.

पहिला संशयित म्हणजे आयटूसी, म्हणजे सेन्सर आणि चिप यांच्यातली दोन तारांची जोडणी. सुरुवातीलाच ट्विम (आयटूसी चालवणारा भाग) तयार करून स्टॅटिकमध्ये (प्रोग्रामभर टिकणाऱ्या जागेत) कोंबायचा, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. ५२८३२ च्या एरेटामध्ये (ज्ञात दोषांच्या यादीत) ८९ व्या क्रमांकाला नोंद आहे: आयटूसी आणि जीपीआयओटीई सोबत वापरले की ४०० मायक्रोअँपिअरचा प्रवाह कायम वाहत राहतो. म्हणून ट्विम लूपच्या आत तयार करा, वाचन करा आणि स्कोप (कोडचा तो कंस) संपताच ड्रॉप, म्हणजे नष्ट, होऊ द्या. ड्रॉप होताना एम्बसी तो भाग बंद करते आणि पिनाही मोकळ्या करते. रस्टच्या मालकी हक्काच्या नियमांचा याहून रोकडा फायदा मला दुसरा माहीत नाही. तरीही आकडा खाली आला नाही, तर एरेटात दिलेला उपाय करा: तो भाग त्याच्या पॉवर रजिस्टरमधून बंद करून पुन्हा चालू करायचा.

दुसरा संशयित दशांश. एरेटातलीच ८७ वी नोंद सांगते की एफपीयू (दशांश गणित करणारा भाग) वापरल्यावर चिप आयडलमधून (निवांत अवस्थेतून) अकारण जागी होते. त्यामुळे तापमानाच्या गणितात एफ३२ (रस्टचा दशांश प्रकार) नकोच. बॉशने डेटाशीटमध्ये पूर्णांकांची सूत्रं दिली आहेत, ती वापरा. २३.४५ अंशांसाठी २३४५ हा आकडा येतो. तसाच पाठवा, दशांश चिन्ह फोनवर लावता येतं.

बटण किंवा सेन्सरच्या इंटरप्टसाठी इनपुटचं ‘वेट फॉर लो’ (पिन खाली जाण्याची वाट पाहणं) वापरा. ते पोर्ट इव्हेंटवर (पिनांच्या सामाईक इशाऱ्यावर) चालतं, म्हणून स्वस्त पडतं. एकाच पिनेवर लक्ष ठेवणारा इनपुट चॅनल जास्त प्रवाह खातो. वेळ घालवायला टायमरच हवा. आकडे मोजत फिरणारा डिले ६४ मेगाहर्ट्झवर सीपीयू नुसताच पळवतो.

डीसीडीसी (चिपमधला व्होल्टेज बदलणारा भाग) चालू केल्याने रेडिओचा खर्च कमी होतो, पण त्यासाठी बोर्डावर इंडक्टर (तारेचं वेटोळं) असावा लागतो. सर्किट पाहिल्याशिवाय ती ओळ उतरवून घेऊ नका. इंडक्टर नसेल तर चिपचा पुरवठाच तुटतो.

कोड स्वच्छ असूनही प्रवाह जास्त दिसला तर पुल-अप (लाइन वर धरणारे रेझिस्टर) बघा. ४.७ किलोओमच्या पुल-अपची लाइन ३ व्होल्टवर खाली अडकली, तर त्या एका रेझिस्टरमधून ६४० मायक्रोअँपिअर जातात.

४. मोजा, पण नीट

प्रोब जोडलेला असताना मोजलेला आकडा फेकून द्या. डीबग मोडमध्ये चिप नीट झोपतच नाही. प्रोग्राम चढवा, प्रोबच्या वायरी काढा, वीज पूर्ण तोडून पुन्हा द्या आणि मग मोजा.

मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजवर विसंबू नका. त्याच्या आतला शंट (प्रवाह मोजायचा रेझिस्टर) मोठा असतो. रेडिओने काही मिलिअँपिअर ओढताच व्होल्टेज कोसळतं आणि चिप रीसेट होते. मग आपण बग शोधत बसतो. नॉर्डिकचं ‘पॉवर प्रोफायलर किट २’ हे मापक २०० नॅनोअँपिअरपासून १ अँपिअरपर्यंत मोजतं आणि आलेखही काढतं. जाहिरातींचे (ब्लूटूथवरून ठरावीक वेळाने सोडलेल्या संदेशांचे) टोकदार सुळके आणि मधला सपाट भाग वेगवेगळे दिसले पाहिजेत. सपाट भाग शेकडो मायक्रोअँपिअरवर असेल तर तिसऱ्या पायरीवर परत जा. सपाट भाग ठीक असून सरासरी जास्त असेल तर जाहिरातींमधलं अंतर वाढवा, ते १०.२४ सेकंदांपर्यंत नेता येतं.

शेवटी तेच उपकरण अर्ध्याहून जास्त वापरलेल्या सेलवर चालवून बघा. सेल उतरत गेला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि रेडिओच्या सुळक्यावर रीसेट होणं तेव्हाच सुरू होतं. तसं झालं तर सेलला समांतर कमी गळतीचा कपॅसिटर लावा आणि सपाट भाग पुन्हा मोजा, कारण त्याची गळतीही त्यातच दिसते.